पावणेतीन किलोंचा वाद

माझी बायको पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे वर्षानुवर्षं न वितळणाऱ्या गोठलेल्या जमिनीवर, संशोधन करते. आम्ही अलास्कातल्या फेअरबँक्सला राहतो. वर्षातून काही आठवडे ती ब्रूक्स पर्वतरांगेच्या उतारावर तंबूत असते. तिथे रस्ता नाही. छोटं विमान सोडून जातं आणि ठरल्या दिवशी, हवा बरी असली तर, न्यायला येतं. तिचे मामा विदर्भात वनपरिक्षेत्र अधिकारी होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मेळघाटात आणि बुलढाण्याकडे काढली. या उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले आणि भाचीच्या रायफलीवरून मामा-भाचीची जी जुंपली ती चांगले चार दिवस पुरली. मी मधल्या मध्ये चहा करणारा. बोलणं पुष्कळ झालं. कामाचं तेवढं इथे ठेवलं आहे.

आधी रायफलीविषयी. फिनलंडमध्ये बनलेली टिका टी३एक्स लाइट, बोल्ट-अॅक्शनची, .३०८ विंचेस्टर काडतुसाची. पोलाद स्टेनलेस, दस्ता प्लॅस्टिकचा. नुसती रायफल २.९ किलो, वरची दुर्बीण, तिच्या कड्या आणि पट्टा धरून साडेतीन किलोंच्या आसपास. बायकोला ती पावणेतीन किलोंवर आणायची होती. कार्बन फायबरचा दस्ता, बावीस इंचांची नळी कापून अठरा इंच, मोठ्या दुर्बिणीच्या जागी छोटी, आणि पोकळ दस्त्यात जीव वाचवण्याचं सामान. गनस्मिथचा अंदाज आलेला होता. मामांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मामा : साडेतीन किलो म्हणजे काय ओझं झालं पोरी? आमच्या हवालदारांनी थ्री नॉट थ्री जन्मभर वाहिली. ती चार किलोंची होती.

भाची : हवालदाराकडे बंदूक आणि डबा एवढंच असायचं मामा. माझ्या पाठीवर आधीच वीस किलो असतात. ड्रिल, बॅटऱ्या, तापमान मोजायच्या तारा. पहिल्या दिवशी रायफल खांद्यावर असते. दुसऱ्या दिवशी ती पाठपिशवीला बांधली जाते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, राहू दे आज तंबूतच. मी हे प्रत्येक तुकडीत बघितलंय. आणि अस्वल भेटतं ते ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत, तंबूपासून दोन किलोमीटर लांब.

मामा : म्हणजे आळसावर इलाज.

भाची : आळस म्हणा. थकलेला माणूस सगळ्यात आधी काय टाकतो, याचा इलाज आहे तो.

मामा : मग तो स्प्रेचा डबा ने. अर्धा किलोसुद्धा नाही. कमरेला लटकतो, झोपताना उशाशी राहतो. मी वाचलंय ते. तुमच्याच अलास्कातला अभ्यास आहे, स्मिथ आणि हेरेरोंचा, २००८ चा. मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलं शंभरात ब्याण्णव वेळा थांबली. ज्यांच्याकडे फवारा होता त्यांच्यातली अठ्ठ्याण्णव टक्के माणसं विनाजखम सुटली. त्याच लोकांनी २०१२ मध्ये बंदुकींचा हिशोब मांडला. २६९ घटना, पार १८८३ पासूनच्या. बंदूक जवळ असून ती चालवली काय अन् नाही चालवली काय, माणसाला इजा होण्यात फारसा फरक सापडला नाही.

(मामा निवृत्त झाल्यापासून कोणत्याही विषयावर अशी तयारी करून बसतात. फेअरबँक्सच्या विमानात चढायच्या आधीच त्यांनी हे सगळं छापून घेतलं होतं.)

भाची : दोन्ही अभ्यास मी वाचलेत. पण ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. फवाऱ्याच्या घटनांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली, खाण्याच्या वासाने आलेली अस्वलंही भरपूर आहेत. बंदुकीच्या घटना बहुतेक आधीच बिघडलेल्या. कुणी सहज बंदूक उडवून अस्वल पळवलं, तर तो कशाला कुठे नोंद करायला जाईल?

मामा : ते मान्य.

भाची : आणि फवारा आठ-दहा मीटरच जातो. समोरून वारा असला की तुमच्याच डोळ्यांत. थंडीत डब्यातला दाब उतरतो. तरी मी फवारा नेतेच, मामा. तो कमरेला असतो. रायफल दुसरी. विमानात तो डबा प्रवाशांजवळ ठेवू देत नाहीत, फ्लोटमध्ये, म्हणजे विमानाच्या तरंगत्या पायांत, नाहीतर बाहेर बांधून नेतात, एवढं वैमानिकांनाही त्याचं महत्त्व आणि भय आहे.

मामा : मग रायफलीचं नेमकं काम काय? ते एका वाक्यात सांग. आमच्याकडे हत्याराची मागणी आली की मी हेच विचारायचो. निम्मे अर्ज तिथेच परत जायचे.

हा प्रश्न मला फार आवडला. बायकोला आवडला नाही, कारण तिच्या कागदावर तीन कामं होती: अस्वल, अन्न, आणि ज्याला इथले लोक 'सर्व्हायव्हल' म्हणतात ते. मामांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली.

मामा : समज, विमान आलंच नाही. आठवडा गेला. तू शिकार करून जगणार?

भाची : ससे असतात. टार्मिगन असतात. म्हणजे आपल्या तित्तिरासारखा पक्षी.

मामा : .३०८ ने ससा मारशील तर ससा उरेल का? कान सापडतील फक्त. त्यासाठी .२२ लागते. अमेरिकन हवाई दलाने वैमानिकांसाठी ज्या छोट्या रायफली बनवल्या, त्या .२२ हॉर्नेटच्या होत्या. एम४ नावाची होती, तारेचा दस्ता, बोल्ट-अॅक्शन. मग आर्मालाइटने एआर-५ काढली. नळी आणि यंत्र काढून दस्त्याच्या आत ठेवायचं, पाण्यात पडली तर तरंगते. तिच्यावरूनच पुढे लोकांसाठी एआर-७ आली, साध्या .२२ ची. दीड किलोच्या वर थोडी. ती हलकी. तुझी ही पावणेतीन किलोंची झाली तरी सशासाठी जडच.

भाची : आणि .२२ घेऊन अस्वलासमोर उभी राहू?

मामा : तेच सांगतोय. एका बंदुकीकडून दोन कामं मागतेस आणि ती दोन्ही कामं एकमेकांच्या उलटी आहेत. शिवाय ससे खाऊन माणूस जगतो कुठे? चरबीच नसते त्याच्यात. पोट भरतं, अंग वाळत जातं. उत्तरेत फिरणाऱ्यांना हे कळून फार वर्षं झाली.

इथे मी तोंड घातलं. फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे ती जुनी बस आहे, क्रमांक १४२, स्टॅम्पीड ट्रेलवरून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने उचलून आणलेली. १९९२ मध्ये क्रिस्टोफर मॅककँडलेस नावाचा तरुण त्या बसमध्ये मरण पावला. त्याच्याजवळ दहा पौंड तांदूळ होता आणि .२२ ची रायफल होती. त्याने त्या रायफलीने मूससुद्धा पाडला, म्हणजे आपल्या सांबराच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं जनावर. मांस टिकवता आलं नाही, सडलं. तो उपाशी मेला. बंदुकीने तिचं काम केलं होतं.

मामा : घ्या. जावईबापूंनी माझी बाजू मांडली.

भाची : बाजू नाही मांडली, गोष्ट सांगितली. पण ठीक आहे. अन्न कागदावरून काढते. माझ्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र असतं, शंभर ग्रॅमचं. आठवड्याचं जादा अन्न असतं. अलास्कात विमानाने फिरायचं तर कायदाच आहे तसा: माणशी आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, सुरी, काडेपेटी, गळ आणि दोरा, डासांची जाळी, खुणेसाठी धुराची नळकांडी. हिवाळ्यात त्यात स्नोशू आणि झोपायची पिशवी.

मामा : आणि बंदूक?

भाची : पूर्वी होती त्या यादीत. पुढे वगळली.

मामा काही बोलले नाहीत. कधी बोलायचं नाही हे त्यांना फार चांगलं कळतं, आणि माझ्या बायकोला त्याचाच जास्त राग येतो.

तर काम एक उरलं: जवळून अंगावर येणारं अस्वल, फवारा चुकल्यावर. आता वाद रायफलीच्या अंगाला भिडला. बायकोने ती पेटीतून काढली, बोल्ट मागे ओढून रिकामी असल्याचं दोनदा बघितलं आणि टेबलावर ठेवली. मामांनी हात पुढे केला.

भाची : नाही मामा. तुम्ही टुरिस्ट व्हिसावर आहात. इथल्या केंद्रीय कायद्याने त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक हाताळणं गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे काढला तर सूट मिळते. तो तुम्ही काढलेला नाही.

मामा : नुसता हात लावायचा?

भाची : नुसता हातही नाही.

मामा : (हात मागे घेऊन, खूश होऊन) हे चांगलंय. आपल्याकडे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरलीस तर अस्वलाच्या आधी मीच तुला धरीन. १९७२ च्या कायद्याचं कलम ३१. बरं, लांबूनच बघतो. दस्ता बदलून काय मिळतं?

भाची : तीनशे ग्रॅम. छोट्या दुर्बिणीने अडीचशे. नळी कापून शंभर-सव्वाशे.

मामा : आणि वीस काडतुसं किती भरतात?

भाची : .३०८ ची? अर्धा किलो.

मामा : म्हणजे नवा दस्ता घ्यायच्या ऐवजी बारा काडतुसं घरी ठेवली तरी तेवढंच वजन उतरलं. फुकटात. अस्वलावर वीस गोळ्या झाडायला तुला कोण वेळ देणार आहे?

(हे खरंच तिच्या डोक्यात आलेलं नव्हतं. तिने कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि पान उलटं ठेवलं.)

भाची : दस्ता फक्त वजनासाठी नाही. हा कारखान्याचा दस्ता पोकळ आहे, पुढून वाकतो. ओल्या पट्ट्याचा ताण बसला की नळीला टेकतो आणि गोळीची जागा सरकते. कार्बनचा ताठ असतो. वेस्ट व्हर्जिनियात मेल फोर्ब्ज म्हणून एकजण होता, त्याने १९८०च्या दशकात पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या रायफली करून दाखवल्या. केवलर आणि ग्राफाइटचा दस्ता, आणि पातळ नळी पूर्ण लांबीभर त्या दस्त्यात बसवलेली. हलकी रायफल नेम धरत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली.

मामा : नेम धरते, मी कुठे नाही म्हणतो? धरणारा धरतो का ते बोल. साडेतीनवरून पावणेतीनवर आलीस की खांद्याला बसणारा धक्का सव्वापट होतो. काडतूस तेच, मग हलकी बंदूक जास्त वेगाने मागे येणार. पहिल्या गोळीला माणूस काही म्हणत नाही. पण सरावाला दहा झाडल्या की अकराव्याला डोळा आपोआप मिटतो. मग सराव टाळला जातो. तुला हलकी बंदूक म्हणजे जवळ राहणारी बंदूक वाटते. मला भीती आहे की ती सराव न होणारी बंदूक होईल.

भाची : चांगलं रबरी पॅड लावते मागे.

मामा : लाव. ते आधी लाव. आणि नळीच्या तोंडाला तो भोकाभोकांचा ब्रेक बसवू नकोस.

भाची : नाहीच बसवणार. धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला फेकला जातो, आणि रायफलीचा आवाज असाही दीडशे डेसिबलच्या वर असतो. शिकारीला निघताना कानात बोळे घालता येतात. अस्वल सांगून येत नाही.

मामा : मग नळी कापून तरी तेच करतेस ना? आखूड नळी, जास्त आवाज, जास्त जाळ.

भाची : थोडा. पण इथे मला वजनापेक्षा लांबी कापायची आहे. विलोची झुडपं डोक्याच्या वर असतात, फांद्यांत नळी अडकते. पाठीवर बांधली तर डोक्याच्या वर हातभर निघते. विमानातही तीच अडचण. अठरा इंचांवर आणली तर सगळी रायफल मीटरभरात बसते. कायद्याने नोंदणीशिवाय सोळा इंचांच्या खाली जाता येत नाही. मी त्याच्या बऱ्यापैकी वर आहे. वेग किती जातो? इंचामागे सेकंदाला सात-आठ मीटर. आठशेतले तीस गेले. पंधरा-वीस मीटरवर त्याचा कुणाला हिशोब?

मामा : मीटरभर, तीन किलो. हे तू कूपरच्या गोष्टीतून उचललंस.

मामांना जेफ कूपर माहीत असतील असं मला वाटलं नव्हतं. अमेरिकन मरीन दलातले हे निवृत्त लेफ्टनंट कर्नल. अॅरिझोनात गनसाइट नावाची प्रशिक्षण संस्था त्यांनी काढली. १९८०च्या दशकात त्यांनी 'स्काउट रायफल' ही कल्पना मांडली. एकट्या माणसाने रानात न्यायची एकच रायफल कशी असावी? बोल्ट-अॅक्शन, .३०८, लांबी मीटरच्या आत, वजन तीन किलो, फार तर साडेतीन. दुर्बीण कमी शक्तीची आणि बरीच पुढे बसवलेली, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. ऑस्ट्रियाच्या स्टायरने १९९०च्या दशकाच्या शेवटी ती बनवून विकली, पुढे २०११ मध्ये रूगरनेही. स्टायरच्या दस्त्यात जादा मॅगझिन ठेवायला खाच आहे. बायकोची पोकळ दस्त्यात सामान भरायची कल्पना तिथूनच आलेली.

मामा : कूपरचं बाकी सगळं ठीक. पण ती पोकळ दस्त्यातली काडेपेटी अन् गळ मला मुळीच पसंत नाही. का भरायची?

भाची : रायफल नेहमी जवळ असणार. म्हणून सामानही नेहमी जवळ.

मामा : आणि ओढा ओलांडताना पाय घसरला? आधी हातातली बंदूक सुटते, कारण हात मोकळा लागतो. बंदूक गेली की काडेपेटीही गेली. सामान अंगावर ठेव. खिशात, गळ्यात. खडखड आवाज होतो ते वेगळंच. आणि ज्या माणसाला दस्त्याचे स्क्रू काढून काडी पेटवायची आहे त्याची बोटं तोवर गारठलेली असतात.

भाची : ...ठीक आहे. हे काढलं.

(लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या सांगण्यावरून तिने काही काढल्याचं मला आठवत नाही.)

दुर्बिणीवर दोघांचं फार लवकर जमलं. जवळच्या अस्वलासाठी मोठी दुर्बीण नकोच. कमी शक्तीची, रुंद दिसणारी, दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरची बस्स. काच धुक्याने किंवा बर्फाने भरली तर काय, म्हणून नळीवर साधी माशी आणि मागे मोठ्या भोकाची कडी, आणि दुर्बीण हाताने झटकन काढता येईल अशा कड्यांवर. वजन थोडं वाढलं. दोघांनीही तक्रार केली नाही. चापाबद्दलही भांडण झालं नाही: टिकाचा चाप एक ते दोन किलोंच्या दरम्यान बसवता येतो, बायकोने तो आधी एकावर आणला होता. हातमोजे घालून एक किलोचा चाप म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. तो दोनावर गेला.

खरी चकमक उडाली ती थंडीवरून.

भाची : एप्रिलमध्ये आम्ही बर्फावर असतो. उणे तीस सहज. तेव्हा बोल्टमधलं तेल डिंकासारखं होतं, फायरिंग पिन सुस्तावते, काडतुसाच्या टोपीवर नुसता ठिपका उमटतो. म्हणून मी बोल्ट पूर्ण धुऊन कोरडा करते. रायफल रात्री तंबूबाहेरच. आत ऊबेला आणली की घाम धरते, आणि सकाळी बाहेर नेली की तो घाम गोठतो.

मामा : म्हणजे रात्री, जेव्हा अस्वल तंबूशी येईल, तेव्हा बंदूक बाहेर.

भाची : तंबूच्या दोन पडद्यांच्या मध्ये. तिथे ऊब नसते. हात लांबवला की मिळते. शिवाय भोवती विजेच्या तारेचं कुंपण असतं, टॉर्चच्या बॅटरीवर चालणारं.

मामा : तुला एक विचारू? जे लोक तिथेच जन्मले, तिथेच म्हातारे झाले, ते काय वापरतात?

भाची : कॅनडाच्या उत्तरेला कॅनेडियन रेंजर्स आहेत. बरेचसे तिथलेच इनुइट आणि फर्स्ट नेशन्सचे लोक. १९४७ पासून सत्तर वर्षं त्यांच्याकडे ली-एनफील्ड होती.

मामा : थ्री नॉट थ्री! आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनायची तीच.

भाची : त्याच घराण्यातली. मग २०१८ च्या सुमारास ती बदलून सी१९ दिली. ती माझ्या रायफलीची बहीणच, टिका टी३एक्स आर्क्टिक. पण दस्ता लाल रंगाच्या लाकडी थरांचा, चापाभोवतीची कडी मोठी, हातमोज्याचं बोट जाईल एवढी. बोल्टचा दांडा मोठा. मॅगझिन दहाचं.

मामा : वजन?

भाची : (जरा थांबून) चार किलोंच्या आसपास.

मामा : चार किलो. लाकडी दस्ता. तो आपटला तरी पुन्हा उचलता येतो, लाल आहे म्हणून बर्फात दिसतो. हे लोक आळशी आहेत का?

भाची : ते स्नोमोबाइलवर फिरतात मामा. मी पायी. त्यांना वजन मशीन वाहून देतं. बाकी सगळं त्यांचं घेते: मोठी कडी, मोठा दांडा, लाल रंग. कार्बनच्या दस्त्याला लाल पट्टे मारता येतात. वजन नाही घेणार.

हे उत्तर मला तरी पटलं. मामांनाही पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. शहाणा माणूस हरताना विषय बदलतो, असं नाही. मामांच्या बाबतीत मात्र हीच खूण आहे.

मामा : गोळी कसली?

भाची : १८० ग्रेनची, पार्टिशन. आत जाऊन अर्धी फुटली तरी मागचा भाग आख्खा राहून खोल जातो. इथल्या वनखात्याच्या दोन शास्त्रज्ञांनी, मीहन आणि थिलेनियस, १९८३ मध्ये कमी अंतरावर गोळ्या कशा वागतात ते तपासलं होतं. .३७५, .३३८, .४५८ अशा तोफा अर्थातच वर आल्या. पण जड, २२० ग्रेनची गोळी घातलेल्या .३०-०६ चाही निकाल बरा होता. ताकदीत .३०८ त्याच्या थोडी खाली. म्हणून गोळी जड हवी, हलकी वेगवान नको.

मामा : कॉर्बेटसाहेब .२७५ रिग्बीवर नरभक्षक मारायचे, तीही हलकीच. पण तो मनुष्य वाघाच्या मागे आठवडे काढायचा, वाघ कुठून येणार हे त्याला ठाऊक असायचं. तुझ्याकडे दोन सेकंद असतील. आमच्या बुलढाण्याकडे, ज्ञानगंगेच्या बाजूला, अस्वलाने फाडलेली माणसं मी दवाखान्यात नेलीत. सगळी पहाटेची, वाकून मोहाची फुलं वेचताना. ते अस्वल इथल्या अस्वलांच्या मानाने पिल्लू, तरी दोन सेकंदांत चेहरा जातो. त्यात कुणाकडे बंदूक असती तरी ती खांद्यावरून उतरली नसती. आमचे गुराखी बोलत, खाकरत, काठी आपटत जायचे. तू झुडपांत शिरताना आवाज करतेस का?

भाची : ओरडतो आम्ही सगळे. मी मराठीत ओरडते.

मामा : काय ओरडतेस?

भाची : ते तुमच्यासमोर नाही सांगत.

मामांना हसू आवरेना. मग ते पुन्हा गंभीर झाले आणि त्यांनी अस्वल मारलंच तर पुढे काय, ते विचारलं. अलास्कात स्वसंरक्षणार्थ अस्वल मारता येतं. पण खाण्याचा कचरा उघडा टाकून तुम्हीच त्याला बोलावलं असेल तर नाही. मारल्यावर ताबडतोब कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा, आणि कातडं नखांसकट सोलून कवटीबरोबर सरकारजमा करायचं. तीनशे किलोंचं जनावर, एकटीने, डासांच्या ढगात. "हा कायदा ज्याने केला," मामा म्हणाले, "त्याने वनखात्यात नोकरी केलेली असणार."

शेवटच्या दिवशी कागद नव्याने लिहिला गेला. मागे जाड रबरी पॅड. चाप दोन किलोंचा. बोल्टला मोठा दांडा. छोटी दुर्बीण, खाली साधी माशी. पट्टा रुंद, एका हाताने सैल होणारा. बारा काडतुसं घरी. मॅगझिन प्लॅस्टिकचं आहे, हरवलं की बोल्ट-अॅक्शन असूनही एकेक काडतूस खिडकीतून कोंबायला लागतं आणि टिकाची खिडकी अरुंद, म्हणून जादा मॅगझिन छातीच्या खिशात. कार्बनचा दस्ता राहिला; मामांनी त्याला विरोध सोडला नाही, फक्त पैसे किती लागतात ते विचारून ते गप्प बसले. नळीवर मात्र दोघंही अडून राहिले.

मामा : आधी बाकीचं कर. महिनाभर चालव. मग काप. शिंप्याला विचार, कापलेलं वाढत नाही.

भाची : अन् झुडपांचं काय?

मामा : झुडपं ऑगस्टमध्ये होती, ती पुढच्या ऑगस्टलाही असतील.

भाची : पुढच्या ऑगस्टला मी इथे नसेन. किनाऱ्यावर असेन, उत्कियागविकच्या बाजूला.

मामा : तिकडे काय?

भाची : पांढरी अस्वलं. तिकडे ही रायफल नेणारच नाही. तिकडे गावातला माणूस पहाऱ्याला बरोबर येतो, त्याची स्वतःची मोठी बंदूक घेऊन. आम्ही मान खाली घालून काम करायचं, त्याने फक्त क्षितिज बघायचं. दुसरं काही करायचं नाही, हीच त्याची नोकरी.

मामा : मग डोंगरातही तसाच माणूस का नेत नाही? चार दिवस पावणेतीन किलोंवर डोकं फोडतो आहोत आपण.

भाची : अनुदानात त्याची तरतूद नाही, मामा. रायफलीची आहे.